विश्लेषण : तिजोरी आटते तेव्हा हिशेब कसा मांडायचा? नांदेडच्या नगराध्यक्षपदापासून दिल्लीच्या अर्थखात्यापर्यंत शंकरराव चव्हाण

नांदेडकरांच्या नळाला येणारे बहुतांश पाणी विष्णुपुरीच्या बंधाऱ्यातून येते. उन्हाळा सुरू झाला की शहरात एक प्रश्न रोज विचारला जातो : विष्णुपुरीत किती टक्के पाणी उरले? उत्तर वर्तमानपत्रात मिळते, मोबाइलवरही मिळते. साठा किती, रोजचा उपसा किती, बाष्पीभवन किती आणि पाणी किती दिवस पुरेल, हा हिशेब आता सर्वसामान्यांनाही पाठ झाला आहे.

पण ज्या महापालिकेला हे पाणी घरोघरी पोहोचवायचे असते, तिच्या तिजोरीत किती शिल्लक आहे, देणी किती थकली आहेत आणि पैसे कमी पडले तर आधी काय बंद होणार, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. मंदी आली, करवसुली घटली, सरकारी अनुदान लांबले की हाच प्रश्न सर्वात महत्त्वाचा ठरतो.

विष्णुपुरीच्या जलाशयाला शंकर सागर म्हणतात. ज्यांचे नाव त्याला दिले गेले, त्या शंकरराव चव्हाण यांचे बहुतेक राजकीय आयुष्य याच प्रश्नाशी झुंजण्यात गेले. हाती पैसा कमी असेल तर तो कुठे, कसा आणि कोणाला विचारून खर्च करायचा? नगराध्यक्ष, पाटबंधारे मंत्री, दोनदा मुख्यमंत्री, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष आणि देशाचे अर्थमंत्री अशा वेगवेगळ्या खुर्च्यांवरून त्यांनी हा प्रश्न हाताळला. त्यांना कुठे यश आले, कुठे अपयश आले आणि आजच्या शहरांसाठी त्यात काय आहे, याचा हा आढावा.

शंकरराव चव्हाण कोण होते?

शंकरराव भाऊराव चव्हाण यांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी गोदावरीकाठच्या पैठण येथे झाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मद्रास विद्यापीठातून पदवी आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून कायद्याचे शिक्षण घेतल्यावर ते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिसंग्रामात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर त्यांनी नांदेड ही आपली कर्मभूमी मानली.

पुढची पाच दशके ते सार्वजनिक जीवनात राहिले. २१ फेब्रुवारी १९७५ ते मे १९७७ आणि १२ मार्च १९८६ ते जून १९८८ असे दोन वेळा ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. केंद्रात त्यांनी शिक्षण, नियोजन, संरक्षण, गृह आणि अर्थ ही खाती सांभाळली. २६ फेब्रुवारी २००४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र अशोक चव्हाण २००८ मध्ये मुख्यमंत्री झाले. वडील आणि मुलगा दोघेही मुख्यमंत्री होण्याची महाराष्ट्रातील ती पहिलीच वेळ होती.

वेळ आणि फाइल या दोन्हींबाबत ते कडक होते. त्यामुळे राजकीय वर्तुळात त्यांना हेडमास्तर म्हटले जाई. या विशेषणात आदर होता, तशी नाराजीही होती.

सुरुवात नगरपालिकेपासून का महत्त्वाची?

१९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात शंकरराव नांदेड नगरपालिकेचे अध्यक्ष होते. राजवट नुकतीच बदललेली होती आणि जुन्या संस्थानी कारभाराच्या जागी लोकनिर्वाचित कारभार रुजायचा होता. नांदेडमध्ये उस्मानशाही मिल आणि कापसाचा व्यापार हे रोजगाराचे मोठे आधार होते. कापसाचे पीक बिघडले की बाजार बसायचा. बाजार बसला की त्याची झळ नगरपालिकेच्या वसुलीला लागायची.

हिशेबाची आणखी एक अडचण आज कोणाला आठवत नाही. विलीनीकरणानंतरही काही वर्षे मराठवाड्यात निजामाचा हाली सिक्का आणि भारतीय रुपया अशी दोन्ही चलने सुरू होती. साधारण सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये असा दर होता. म्हणजे रक्कम कोणत्या चलनात लिहिली आहे, हे स्पष्ट नसेल तर १०० रुपयांच्या नोंदीत १४ रुपयांहून अधिक फरक पडायचा. बाजारात आणि कचेरीत हिशेब नीट ठेवणे किती गरजेचे आहे, हे त्या पिढीला असे रोजच्या व्यवहारातून कळत होते.

नगरपालिकेचा अर्थसंकल्प राज्याच्या किंवा देशाच्या अर्थसंकल्पापेक्षा एका बाबतीत कठीण असतो. देशाला तूट भरून काढण्यासाठी चलन छापता येते, राज्याला बाजारातून कर्ज उभारता येते. नगरपालिकेला यातले काहीच सहज करता येत नाही. वसुली झाली नाही तर सफाई कामगाराचा पगार थांबतो आणि त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी रस्त्यावर दिसतो. शंकररावांच्या प्रशासकीय आयुष्याची सुरुवात या पायरीवरून झाली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि ते महसूल उपमंत्री झाले.

धरणे आणि पैशाची चणचण

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. पुढची सुमारे १२ वर्षे पाटबंधारे आणि वीज ही खाती प्रामुख्याने शंकररावांकडे होती. पूर्णा प्रकल्पातील येलदरी आणि सिद्धेश्वर, पैठणचे जायकवाडी आणि पुढे नांदेडजवळचे विष्णुपुरी या प्रकल्पांशी त्यांचे नाव जोडले गेले, ते याच कामामुळे.

जायकवाडीचा काळ पाहिला तर पैशाची ओढाताण लक्षात येते. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पायाभरणी झाली. त्याआधी काही आठवडेच पाकिस्तानशी युद्ध थांबले होते. १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. १९६६ ते १९६९ या तीन वर्षांत पंचवार्षिक योजनाच थांबली आणि वार्षिक योजनांवर देश चालला. १९७२ मध्ये महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला, तर १९७३ मध्ये जगभर तेलाचे भाव भडकले. हे सगळे पार करून २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. त्या वेळी शंकरराव मुख्यमंत्री होते.

मंदीच्या काळात भांडवली कामे थांबवण्याचा मोह सर्वच सरकारांना होतो. पगार थांबवला तर मोर्चा निघतो, धरण रखडले तर लगेच कोणी विचारत नाही. पण अर्धवट धरण हा सर्वात महाग खर्च असतो, कारण त्यात पैसा अडकतो आणि पाणी मिळत नाही. मराठवाड्यातील पाटबंधाऱ्यांची कामे पुढे रेटण्याचा शंकररावांचा हट्ट होता. त्यांच्यावर प्रादेशिक आग्रहाची टीका झाली, ती या हट्टामुळेच.

विष्णुपुरी हा उपसा सिंचन प्रकल्प आहे. गोदावरीवर १८ दरवाज्यांचा बंधारा, सुमारे ८० दशलक्ष घनमीटरचा उपयुक्त साठा आणि तिथून पंपाने पाणी उचलून शेतीला देण्याची योजना, असे त्याचे स्वरूप. यात हिशेबाचा एक मोठा धडा आहे. कालव्यातून उताराने वाहणाऱ्या पाण्याला वीजबिल नसते, उपशाच्या पाण्याला दर महिन्याला असते. म्हणजे बांधकामाचा खर्च एकदाच होतो, पण चालवण्याचा खर्च कायमचा मागे लागतो. पुढे शहर वाढले, पिण्याच्या पाण्याचे आरक्षण वाढले आणि कमी पावसाच्या वर्षी शेतीच्या आवर्तनांवर मर्यादा येऊ लागली. शहराला पाणी मिळाले, पण ज्या शेतकऱ्यांसाठी योजना आखली गेली त्यांच्या वाट्याचे काय, हा प्रश्न आजही संपलेला नाही.

पगाराच्या स्लिपवरील २०० रुपयांचा दुष्काळाशी काय संबंध?

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्यांच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असा व्यवसाय कर कापला जातो. स्लिपवर तो बहुधा ‘पीटी’ असा लिहिलेला असतो. हा कर १ एप्रिल १९७५ पासून लागू झाला. शंकरराव मुख्यमंत्री होऊन तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते.

१९७२ च्या दुष्काळात लाखो लोकांना रस्ते, तलाव आणि बंडिंगच्या कामावर मजुरी देण्यात आली होती. त्या काळात शंकरराव कृषिमंत्री होते. रोजगार हमी योजनेची मूळ कल्पना वि. स. पागे यांची. मात्र मागेल त्याला काम द्यायचे तर पैसा हमखास हवा. त्यासाठी शहरातील नोकरदार आणि व्यावसायिकांकडून कर घ्यायचा आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्याने घालायची, असे सूत्र ठरले. हे श्रेय कोणा एकाचे नाही. पण कराची अंमलबजावणी सुरू झाली ती शंकररावांच्या सरकारच्या काळात.

पारदर्शकतेच्या दृष्टीने या सूत्रात एक महत्त्वाची गोष्ट होती. कर कशासाठी घेतला जातोय, हे करदात्याला आधीच सांगितलेले होते. सामान्य तिजोरीत जमा होणाऱ्या करावर असा हिशेब मागता येत नाही. विशिष्ट कामासाठी घेतलेल्या करावर तो मागता येतो, आणि निधी शिल्लक असताना काम का दिले नाही, असा प्रश्नही विचारता येतो.

या कराची कमाल मर्यादा राज्यघटनेने ठरवलेली आहे. ती आधी वर्षाला २५० रुपये होती. १९८८ मध्ये ६० व्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. योगायोग असा, की त्या वेळी देशाचे अर्थमंत्री शंकरराव चव्हाणच होते.

शिस्त होती, पण पारदर्शकता होती का?

शंकररावांच्या पहिल्या मुख्यमंत्रिपदाची मोठी मर्यादा इथे दिसते. ते मुख्यमंत्री झाल्यावर चार महिन्यांतच, २५ जून १९७५ रोजी, देशात आणीबाणी लागू झाली. सरकारी कार्यालयांत वेळेवर हजेरी, फाइलींचा निपटारा, खर्चावर लक्ष अशी शिस्त या काळात दिसली. सचिवालयाचे नाव मंत्रालय करण्याचा निर्णयही त्यांच्याच कारकिर्दीतला. राज्यकारभार सचिवांचा नसून लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांचा आहे, हा त्यामागचा विचार होता.

पण त्याच काळात वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप होती आणि विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात होते. खर्चाचा हिशेब कितीही नीट ठेवला, तरी त्यावर उघडपणे प्रश्न विचारण्याची मुभा नसेल तर त्याला पारदर्शक म्हणता येत नाही. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचा पराभव झाला आणि मे महिन्यात शंकररावांच्या जागी वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. कारभारातील शिस्त आणि कारभारातील खुलेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली असली म्हणजे दुसरी आपोआप येत नाही.

शून्याधारित अर्थसंकल्प म्हणजे काय?

मार्च १९८६ मध्ये शंकरराव दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यातील त्या वर्षांत पावसाने वारंवार दगा दिला होता. दुष्काळनिवारणाचा खर्च वाढत होता आणि पगार, निवृत्तिवेतन, व्याज यांनी तिजोरीचा मोठा भाग व्यापला होता. या परिस्थितीत महाराष्ट्राने १९८६-८७ पासून शून्याधारित अर्थसंकल्पाची पद्धत स्वीकारली. राज्यपातळीवर असा प्रयोग करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य मानले जाते.

ही कल्पना मूळची अमेरिकेतली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत पीटर पिहर यांनी ती विकसित केली. जिमी कार्टर यांनी ती आधी जॉर्जिया राज्यात आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९७७ मध्ये संघराज्य सरकारात आणली. भारतात केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९८३ मध्ये तिचा वापर सुरू केला होता.

नेहमीच्या पद्धतीत गेल्या वर्षीचा खर्च गृहीत धरला जातो आणि त्यावर काही टक्के वाढ दिली जाते. शून्याधारित पद्धतीत काहीच गृहीत धरत नाहीत. प्रत्येक विभागाला शून्यापासून सुरुवात करून सांगावे लागते : हे काम का हवे, ते बंद केले तर काय होईल, हेच काम कमी पैशात होईल का?

एका काल्पनिक महापालिकेचे उदाहरण घेऊ. तिचा पथदिव्यांवरील खर्च गेल्या वर्षी १० कोटी रुपये होता.

• नेहमीची पद्धत : आठ टक्के वाढ धरून यंदा १० कोटी ८० लाख मागितले जातील. गेल्या वर्षीचे १० कोटी योग्य होते का, हे कोणी विचारणार नाही.

• शून्याधारित पद्धत : विभागाला कामाचे तुकडे पाडावे लागतील. मुख्य रस्ते, दवाखाने आणि बसस्थानक परिसर यांसाठी ६ कोटी. अंतर्गत गल्ल्यांसाठी आणखी अडीच कोटी. चौकातील शोभेच्या रोषणाईसाठी आणखी दीड कोटी. मग या तिन्हींना क्रम द्यायचा.

आता मंदी आली आणि उत्पन्न १५ टक्क्यांनी घटले असे समजू. नेहमीच्या पद्धतीत सरसकट १५ टक्के कपात होते. दवाखान्यातील औषधांनाही १५ टक्के आणि शोभेच्या दिव्यांनाही १५ टक्के. शून्याधारित पद्धतीत क्रमाने खाली असलेला तुकडा आधी गळतो. इथे शोभेचे दीड कोटी गेले की पथदिव्यांची कपात पूर्ण होते आणि गल्लीतला दिवा सुरू राहतो.

कपात दोन्हीकडे होतेच. फरक इतकाच, की दुसऱ्या पद्धतीत काय आधी जाणार हे कागदावर लिहिलेले असते. तो कागद लोकांना पाहता आला, तर त्यावर भांडताही येते.

मग ही पद्धत टिकली का नाही?

महाराष्ट्रात या प्रयोगात जुन्या योजनांची तपासणी झाली. ज्या कालबाह्य झाल्या होत्या त्या बंद करण्याचा किंवा एकमेकींत मिसळण्याचा प्रयत्न झाला. पण काही वर्षांत त्याचा जोर ओसरला. त्यामागची कारणे आजही लागू पडतात.

पहिले कारण, या पद्धतीला प्रचंड कागदपत्र लागते. हजारो योजनांचे तुकडे पाडून दरवर्षी क्रम लावायचा, तर प्रत्येक विभागात प्रशिक्षित माणसे हवीत. संगणक नसलेल्या त्या काळात हे काम हातानेच करायचे होते.

दुसरे कारण, राज्याच्या खर्चाचा मोठा भाग पगार, निवृत्तिवेतन आणि व्याजात बांधलेला असतो. तिथे शून्यापासून सुरुवात करता येत नाही. त्यामुळे पद्धत नावाला संपूर्ण अर्थसंकल्पाला लागू असली, तरी तिला हात घालायला जागा थोडीच उरते.

तिसरे आणि सर्वात मोठे कारण राजकीय होते. प्रत्येक योजनेमागे कोणीतरी असते : कंत्राटदार, कर्मचारी, एखादा मतदारसंघ किंवा एखादा मंत्री. अमुक योजना निरुपयोगी आहे असे लिहून देणारा अधिकारी स्वतःच्या विभागाचे वजन कमी करत असतो. ते कोण करणार? अमेरिकेतही हा प्रयोग फार टिकला नाही. १९८१ मध्ये रेगन सरकारने तो बंद केला.

चौथी उणीव कमी बोलली जाते. महाराष्ट्रातील हा प्रयोग मुख्यतः मंत्रालयाच्या आत झाला. कोणती योजना का वगळली आणि कोणती का ठेवली, याचे कागद सर्वसामान्यांपर्यंत पोहोचावेत, अशी व्यवस्था तेव्हा नव्हती. माहितीचा अधिकार यायला अजून बरीच वर्षे होती. त्यामुळे योजना वगळल्याची नाराजी सरकारच्या वाट्याला आली, पण वाचलेल्या पैशाचे काय झाले हे लोकांना दिसले नाही. जून १९८८ मध्ये शंकरराव दिल्लीला गेले आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले. पुढच्या सरकारांच्या काळातही हा शब्द अधूनमधून ऐकू आला, पण १९८६ मधला आग्रह पुन्हा दिसला नाही.

देशाचे अर्थमंत्री म्हणून काय केले?

जून १९८८ ते डिसेंबर १९८९ या काळात शंकरराव केंद्रीय अर्थमंत्री होते. त्यांनी २८ फेब्रुवारी १९८९ रोजी अर्थसंकल्प मांडला. ५० हजार रुपयांहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांच्या आयकरावर आठ टक्के अधिभार लावून ग्रामीण रोजगारासाठी पैसा उभा करण्याचा प्रस्ताव त्यात होता. व्यवसाय कर आणि रोजगार हमी यांच्या जोडीची ही राष्ट्रीय पातळीवरची आवृत्ती म्हणता येईल. त्याच वर्षी आधीच्या दोन योजना एकत्र करून जवाहर रोजगार योजना सुरू झाली. खर्चात केंद्राचा वाटा ८० टक्के आणि राज्याचा २० टक्के होता. या योजनेत पैसा थेट ग्रामपंचायतींपर्यंत नेण्यावर भर होता.

मात्र या काळाची दुसरी बाजूही आहे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्राची तूट आणि कर्ज वाढत गेले. १९९१ मध्ये परकीय चलनाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरता उरला आणि देशाला सोने गहाण ठेवावे लागले. या संकटाची मुळे आधीच्या अनेक अर्थसंकल्पांत होती आणि त्यात शंकररावांच्या अर्थसंकल्पाचाही समावेश होतो. राज्यात काटकसरीचा आग्रह धरणाऱ्या नेत्याला दिल्लीत, निवडणुकीच्या वर्षात, तो तितक्याच ताकदीने धरता आला नाही.

शहरांना स्वतःचा अधिकार केव्हा मिळाला?

शंकरराव अर्थमंत्री असतानाच, १९८९ मध्ये, राजीव गांधी सरकारने पंचायती आणि नगरपालिकांना घटनात्मक दर्जा देणारी विधेयके आणली. ऑक्टोबर १९८९ मध्ये ती राज्यसभेत अडली. पुढे नरसिंह राव सरकारच्या काळात ७४ वी घटनादुरुस्ती झाली आणि १ जून १९९३ पासून लागू झाली. त्या वेळी शंकरराव गृहमंत्री आणि राज्यसभेतील सभागृह नेते होते.

या दुरुस्तीमुळे शहरांच्या निवडणुका नियमित घेणे बंधनकारक झाले. राज्याच्या उत्पन्नातील किती वाटा शहरांना द्यायचा, हे सुचवण्यासाठी दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याची तरतूद झाली. नांदेडमध्ये २६ मार्च १९९७ रोजी नगरपालिकेच्या जागी नांदेड-वाघाळा महापालिका आली.

अधिकार कागदावर आले, पण हाती पैसा त्या प्रमाणात आला नाही. जकात गेली, तिच्या जागी एलबीटी आला. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि महापालिका राज्याच्या भरपाईवर अवलंबून राहिल्या. स्वतःच्या हातात मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांचे शुल्क उरले. मंदीत नेमके हेच आटते : घरपट्टी थकते, बांधकामे थांबतात.

२००८ मध्ये जगभर मंदी असताना नांदेडमध्ये मात्र गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने मोठी कामे सुरू होती. केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण अभियानात नांदेडची निवड झाली होती. दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांसाठी त्यात केंद्राचा वाटा ८० टक्के, राज्याचा १० टक्के आणि शहराचा १० टक्के असा नियम होता. दहा टक्के ऐकायला कमी वाटतात. पण रस्ते, जलवाहिन्या आणि मलवाहिन्या तयार झाल्यावर त्यांच्या देखभालीचा खर्च जवळपास सगळा शहरावरच पडतो. विष्णुपुरीच्या पंपांच्या वीजबिलाचा धडा इथेही लागू होतो.

शेवटच्या वर्षांत पारदर्शकतेचा प्रश्न कसा आला?

१९९१ ते १९९६ या काळात शंकरराव गृहमंत्री होते. बाबरी मशिदीचा विध्वंस आणि मुंबईतील बॉम्बस्फोट याच काळात झाले आणि त्यावरून त्यांच्यावर तीव्र टीका झाली. १९९३ मध्ये गुन्हेगार, राजकारणी आणि अधिकारी यांच्या साट्यालोट्याची चौकशी करण्यासाठी व्होरा समिती नेमली गेली. तिचा अहवाल त्याच वर्षी आला, पण संसदेत मांडला गेला तो १९९५ मध्ये. लोकांना हवी असलेली नावे त्यात नव्हती.

त्यानंतर मात्र त्यांच्या हातून एक वेगळे काम झाले. मार्च १९९७ मध्ये राज्यसभेने आचारनीती समिती स्थापन केली. अशी समिती नेमण्याची भारतीय संसदेतील ती पहिलीच वेळ होती आणि तिचे पहिले अध्यक्ष शंकरराव चव्हाण होते. खासदारांसाठी आचारसंहिता असावी, आणि कंपन्यांतील संचालकपद, मोठी भागीदारी, सशुल्क सल्लागारी अशा आर्थिक हितसंबंधांची नोंद करणारी वही ठेवावी, अशी शिफारस या समितीने केली. निर्णय घेणाऱ्याचे स्वतःचे हित कुठे गुंतले आहे, हे लोकांना आधी कळले पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व.

सत्तेत असताना खुलेपणाच्या बाबतीत जे अपुरे राहिले, त्याकडे ते वयाच्या ७७ व्या वर्षी नियमांच्या वाटेने परतले.

आजच्या महापालिकेसाठी याचा अर्थ काय?

महापालिकेचा अर्थसंकल्प आयुक्त तयार करतात, स्थायी समिती तपासते आणि सर्वसाधारण सभा मंजूर करते. अलीकडच्या काही वर्षांत राज्यातील अनेक महापालिका प्रशासकांच्या हाती होत्या. तेव्हा मांडणारे आणि मंजूर करणारे एकच होते. अशा वेळी कागद उघडे असणे आणखी गरजेचे ठरते. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक संस्थेने आपला अर्थसंकल्प आणि खर्चाची माहिती कोणी मागण्याआधीच स्वतःहून जाहीर करायची असते.

शहराच्या अर्थसंकल्पाची पीडीएफ उघडल्यावर पुढील पाच गोष्टी पाहाव्यात.

• गेल्या वर्षीचे उत्पन्न किती धरले होते आणि प्रत्यक्षात किती आले? दोन्हींत मोठे अंतर असेल, तर यंदाचा आकडाही फुगवलेला असू शकतो.

• मालमत्ता कराची मागणी किती, वसुली किती? थकबाकी कोणाची आहे : लहान घरांची की मोठ्या मालमत्तांची?

• कंत्राटदार, वीज आणि निवृत्तिवेतन यांची थकीत देणी कुठे दाखवली आहेत? कागदावर शिल्लक दिसते, पण देणी वेगळी ठेवलेली असतात, असे होऊ शकते.

• नव्या कामाच्या शेजारी त्याच्या देखभालीचा वार्षिक खर्च लिहिला आहे का?

• पैसे कमी पडले तर आधी कोणते काम थांबणार, याचा क्रम दिला आहे का?

यातला शेवटचा प्रश्न शून्याधारित अर्थसंकल्पाचा गाभा आहे. १९८६ मध्ये त्यासाठी कागदांचे ढीग लागले, आज साध्या एक्सेल शीटमध्ये तो क्रम मांडता येतो. तंत्राची अडचण उरलेली नाही. उरली आहे ती क्रम जाहीर करण्याची तयारी, कारण जाहीर केलेल्या क्रमावर नागरिक जाब विचारू शकतात.

विष्णुपुरी परिसरात आज शंकररावांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, गुरु गोविंदसिंघजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठही आहे. या तिन्ही ठिकाणी शिकणारे हजारो विद्यार्थी सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या इमारतींत बसतात आणि शेजारच्या बंधाऱ्यात किती पाणी उरले, हे त्यांना मोबाइलवर कळते. शहराच्या तिजोरीत किती उरले, हेही तितक्याच सहज कळायला हवे.